'चूक' या शब्दाची व्युत्पत्ती

भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. सांची व भारहुत येथील प्राकृत दानलेखांत या नगरीचे नाव आढळते. १९७३ च्या उत्खननात येथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाँपेई येथील प्रतिमेशी इतकी जुळते की, रोमशी असलेले नाते शब्दांतही शोधण्याचा मोह व्हावा. लॅटिन 'एर्रारे' म्हणजे भटकणे. इंग्रजी 'एरर' त्यापासूनच आला. मराठीतही वाट चुकते, नेम चुकतो, कळपातले वासरू चुकते; तेथे दोषाचा स्पर्शही नाही. तथापि हे साम्य स्वतंत्रपणे घडलेले आहे. इंग्रजीतच 'राँग' हा शब्द अगदी निराळ्या कल्पनेतून आला: त्याचा मूळ अर्थ 'वाकडा', व तो प्राचीन नॉर्समधून घेतलेला.

दुसरा मोह अधिक जवळचा, म्हणून अधिक फसवा. 'चूक' हा शब्द संस्कृत 'च्युत'पासून साधला जातो. परंतु 'च्युत'चे प्राकृत रूप 'चुअ' असे होते; 'चुक्क' मधील द्वित्त ककाराचा उलगडा त्याने होत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' धातूचे आदेश म्हणून 'फिट्ट', 'फुट्ट', 'चुक्क' व 'भुल्ल' ही रूपे एकाच सूत्रात दिली आहेत. आदेश सांगणे ही, ध्वनिनियमांनी शब्द संस्कृतातून निघत नसल्याची जवळजवळ कबुलीच. फिटणे, फुटणे, चुकणे, भुलणे ही चारही क्रियापदे मराठीत रोजच्या वापरात आहेत. 'भ्रंश्' मात्र 'बुद्धिभ्रंश', 'अपभ्रंश' अशा तत्सम शब्दांपुरता उरला.