विश्वप्रसरण व कृष्ण ऊर्जा

विश्वप्रसरण : दूरस्थ दीर्घिकांमधील अंतरे कालमानाने वाढत जाणे. हे प्रसरण अवकाशाचे असून त्यास केंद्र नाही. गुरुत्वाकर्षणाने बद्ध असलेल्या सूर्यकुल, आकाशगंगा इत्यादी संहती त्यामुळे विस्तारत नाहीत.

वेध : अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत व्ही. एम. स्लायफर यांनी १९१२ पासून सर्पिल अभ्रिकांचे (म्हणजे दीर्घिकांचे) वर्णपट घेतले, तेव्हा देवयानी अभ्रिका सेकंदास सुमारे ३०० किमी. वेगाने आपल्याकडे येत असली, तरी बहुसंख्य अभ्रिकांच्या वर्णरेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या, अर्थात त्या दूर जात असलेल्या, आढळल्या. अंतरांची मोजदाद एडविन हबल यांनी मौंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने केली. याच डोंगरावर पूर्वी खेचरांवरून सामान पोहोचवणारे व पुढे वेधशाळेत झाडलोटीच्या कामावर लागलेले मिल्टन ह्यूमसन हे अंधुक दीर्घिकेच्या वर्णपटासाठी एकच काचपट्टी पहाटे झाकून, पुढील रात्री त्याच लक्ष्यावर पुन्हा उघडीत, एन. जी. सी. ७६१९ या दीर्घिकेचा सेकंदास सुमारे ३,८०० किमी. हा वेग अशाच परिश्रमांनी दप्तरी दाखल झाला. वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, हा नियम हबल यांनी १९२९ मध्ये मांडला. त्यातील बहुतेक वेग मात्र स्लायफर यांचे होते. झॉर्झ लमेत्र यांनी १९२७ मध्येच तो संबंध सापेक्षता सिद्धांतावरून काढला असल्याने २०१८ पासून हबल–लमेत्र नियम ही संज्ञा मान्य आहे.

हबल यांचा स्थिरांक (दर मेगॅपार्सेकला सेकंदास सुमारे ५०० किमी.) ग्राह्य धरल्यास विश्व पृथ्वीहून तरुण ठरत असे, १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी अंतरमापनात केलेल्या दुरुस्तीपासून ही विसंगती ओसरू लागली.

कृष्ण ऊर्जा : दूरचे ‘आयए’ प्रकारचे अतिदीप्त नवतारे अपेक्षेहून अंधुक असल्याचे १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दिसले व प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे अनुमान निघाले. या वाढीस कारणीभूत मानलेल्या ऊर्जेस कृष्ण ऊर्जा म्हणतात. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्लँक उपग्रहाच्या मापनांनुसार विश्वातील एकूण ऊर्जेत हिचा वाटा सुमारे ६८ टक्के भरतो.

स्वरूप : अनिश्चित. कृष्ण ऊर्जेच्या वर्णनासाठी आइन्स्टाइन यांचा १९१७ चा विश्वस्थिरांक वापरण्याचा प्रघात आहे.

मतभेद : स्थिर स्थिती सिद्धांताच्या सुधारित रूपाचे पुरस्कर्ते जयंत नारळीकर व सहकारी यांनी अतिदीप्त नवताऱ्यांच्या अंधुकपणाचे कारण दीर्घिकांदरम्यानच्या धातुमय धूलिकणांत शोधले, बहुतेक ज्योतिर्विदांना ते पटले नाही. हबल यांच्या स्थिरांकाचे मूल्यही प्लँकनुसार सुमारे ६७, तर अतिदीप्त नवताऱ्यांच्या वेधांनुसार सुमारे ७३ येते.