रिकामे ताट

श्रोतेहो, कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसले की आधी शहाड लागते आणि मग आमचे आंबिवली. शहाडला उतरणारा माणूस अजूनही सांगतो, "कॅम्प नंबर एकला जायचंय." हा कॅम्प कसला? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक तिच्या बराकींत राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले.

असाच एक कॅम्प कोल्हापूरजवळ वळिवडे इथे होता. तिथे आली ती माणसे मात्र फार लांबची, पोलंड देशाची.

१९३९ साली जर्मनीने आणि रशियाने पोलंड दोन बाजूंनी गिळले. रशियाच्या ताब्यातल्या भागातून १९४० पासून लाखो लोकांना आगगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. थंडीने, भुकेने कित्येक दगावले. १९४२ साली सुटलेले इराणात पोचले आणि त्यांतले काही हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहांनी पोरक्या मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार माणसे राहिली. बहुतेक बायका आणि मुले; जगलेवाचलेले पुरुष फौजेत. छावणीत त्यांची शाळा होती, चर्च होते, इस्पितळ होते.

आता विचार करा. डिसेंबर महिना. त्यांच्या देशात बर्फ पडायचे दिवस, आपल्याकडे गुऱ्हाळांचे. अशा मुलखात नाताळ कसा व्हायचा?

पोलंडात मोठा दिवस असतो तो २४ डिसेंबरच्या संध्याकाळचा. तिला ते विगिलिया म्हणतात. दिवसभर बेताचेच खायचे आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या आपल्या आयाबायांना हे नवे वाटणार नाही. त्या जेवणात मांस नसते. आधी ओप्वातेक नावाची कागदासारखी पातळ पोळी एकमेकांच्या हातची मोडून खायची, मागले रुसवेफुगवे विसरायचे आणि शुभ चिंतायचे. आपण तिळगूळ देतो तो याच भावनेने की नाही? येशू गोठ्यात जन्मला म्हणून टेबलावरच्या कापडाखाली गवत पसरतात. त्या रात्री गुरे माणसासारखी बोलतात, अशी तिथल्या खेड्यांत समजूत. वसुबारसेला गायवासराला ओवाळणाऱ्या शेतकऱ्याला यात हसण्यासारखे काय आहे?

आणखी एक रीत आहे. मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात. अवचित पाहुणा आला तर त्याच्यासाठी. श्रोतेहो, ज्यांचा नवरा रणांगणावर, ज्यांचे मूल सैबेरियाच्या मातीत, त्यांच्यासाठी हे रिकामे ताट नुसते पाहुण्याचे कसे राहील?

नव्या मुलखात सणाचे सामान मिळत नाही. बर्फ आणता येत नाही, गावाकडची झाडे आणता येत नाहीत. पण वाट पाहणे, वाटून खाणे आणि आठवण ठेवणे एवढे बरोबर नेता येते. सण त्यावरच तगतो. सिंधी मंडळींची सिंधू नदी मागे राहिली, तरी चेटीचंडला झुलेलालची ज्योत इथे पेटतेच. मात्र त्यासाठी शेजाऱ्याने जागा द्यावी लागते. कोल्हापुराने ती दिली.

युद्ध संपले, तरी यांतल्या बहुतेकांचे गाव परत मिळाले नाही. तो मुलूख रशियाकडेच राहिला. १९४८ साली छावणी उठली आणि माणसे इंग्लंडकडे नि आणखी कुठे कुठे पांगली. त्यांच्या मोकळ्या बराकींत आले कोण? सिंधी निर्वासितच! तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या पेठेचे. एकाने सोडलेले छप्पर दुसऱ्याच्या कामी आले.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा इथेही कोल्हापुरचे स्मारक आहे. २०१९ साली त्या छावणीत वाढलेली काही वृद्ध माणसे मुद्दाम कोल्हापूरला येऊन गेली.

गुरुजींना एक विनंती. वर्गात मुलांना विचारा, "तुमचे आजी-आजोबा कुठून आले? येताना कोणता सण बरोबर आणला?" मुले घरी जाऊन विचारतील, आणि आपल्याच गावाचा न लिहिलेला इतिहास दुसऱ्या दिवशी वर्गात येईल. आणि सणासुदीला शेजारी कोणी परगावचे एकटे असेल, तर आपल्याही घरी एक ताट जास्त मांडायला हरकत नाही.