फटफटीचा आवाज आणि मलिकबाजारातला कान

आज किल्ले नाहीत, तह नाहीत, लढाई आहे ती फक्त पार्श्वभूमीला. आज एका आवाजाबद्दल बोलायचंय.

मोटारसायकल रस्त्यावर आली तेव्हा मराठी माणसानं तिला 'फटफटी' म्हटलं. बंगालमध्ये तिचं नाव 'भटभटी'. सुंदरबनात तर इंजिन लावलेल्या होडीलाही भटभटीच म्हणतात. दोन्ही भाषांनी तिचं रूप पाहिलं नाही, वेग पाहिला नाही, कानाला जे आलं तेच नाव दिलं. आणि ते बरोबरच होतं, कारण ही गाडी चालवायची म्हणजे ती सतत ऐकावीच लागायची. का, ते मला गेल्या हिवाळ्यात कोलकात्यात कळलं.

माझे आजोबा नागपूरचे. बंगाल नागपूर रेल्वेत कारकून. या रेल्वेचं मुख्यालय कोलकात्यात गार्डन रीचला, त्यामुळे नागपूरकडची बरीच माणसं तिकडे गेली, तसेच तेही गेले. दुसऱ्या महायुद्धात कोलकाता म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीचं मोठं ठाणं. युद्ध संपलं आणि लष्कराचा माल लिलावात निघाला. त्यातूनच फिरत फिरत आजोबांकडे एक बीएसए एम-२० आली. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका बनवणारी कंपनी, टाकीवरच्या खुणेतही तीन बंदुका. एम-२० हे १९३७ सालचं मॉडेल: ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह. युद्धकाळात अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. वेगवान नव्हती, जडही होती. पण वाळूत, चिखलात, कुणीही कशीही चालवली तरी चालायची.

ती गाडी आजही बेहाल्यात आत्याच्या घरी आहे. मी गेलो की चालवतो. या वेळी चालू केली तर खालून 'ठक... ठक-ठक' असा जड आवाज. ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं दोन मिनिटांत निकाल दिला: बिग एंड गेला, इंजिन खोलावं लागेल, भाग मिळणार नाहीत, त्यापेक्षा दुसरं इंजिन बसवून टाका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड, आणि त्याचं खालचं टोक म्हणजे बिग एंड. तिथलं बेअरिंग झिजलं आणि तशीच गाडी दामटली, तर दांडा तुटून क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणजे निदान खरं असेल तर गाडी हलवायची नाही. आणि खोटं असेल, तर आजोबांचं इंजिन विनाकारण भंगारात जाणार. आत्या काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवलीही नाही.

शेजारच्या बंगाली काकांनी मलिकबाजार सुचवला. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा हा प्रसिद्ध बाजार आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर आहे, म्हणजे जुन्या लोअर सर्क्युलर रोडवर. आता गंमत पाहा. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वारीच्या धास्तीनं कोलकातेकरांनी 'मराठा खंदक' खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, आणि १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. तर नागपूरकरांना अडवायला जो खंदक खणला, त्याच्या रस्त्यानं एक नागपूरकर टेम्पोत फटफटी घालून मदत मागायला निघाला होता!

तिथले उस्ताद सत्तरीच्या पुढचे. मी गॅरेजवाल्याचं निदान सांगू लागलो तर हात वर केला. "दादा, पहले ठंडा सुनने दीजिए." इंजिन थंड असताना ऐकायचं होतं त्यांना. कारण असं की सिलिंडर बिडाचा आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून थंडपणी पिस्टनला थोडी मोकळीक ठेवावीच लागते, आणि तो भिंतीवर आपटतो. तो आवाज दहा मिनिटांत विरला तर काळजी नाही. आमचा विरला नाही.

मग त्यांनी हँडलवरच्या लिव्हरला हात घातला. इथेच मला इतिहास दिसला. या गाडीच्या हँडलवर क्लच-ब्रेकशिवाय आणखी लिव्हर असतात. एक ठिणगी लवकर की उशिरा पडावी हे ठरवते, एक एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलून सिलिंडरमधला दाब सोडते. चालवणाऱ्यानं चढावर इंजिनाचा सूर ऐकायचा, 'किण् किण्' असं नॉकिंग ऐकू आलं की ठिणगी मागे घ्यायची. म्हणजे कान आणि डावा-उजवा हात मिळून गाडी चालायची. पुढे ठिणगीची वेळ आपोआप बदलू लागली, लिव्हर गेले आणि चालवणाऱ्याच्या कानाची नोकरीही गेली. ऐकायचं काम मिस्त्रीकडे आलं. आजच्या मोटारींत तर इंजिनावरच नॉक सेन्सर असतो, गाडी स्वतःच स्वतःला ऐकते.

नॉकिंगचीही एक काळी गोष्ट आहे. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिडग्लीनं शोधलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं की हा आवाज थांबतो. आवाज थांबला, शिसं हवेत गेलं. भारतात ते पेट्रोलमधून पूर्णपणे हटायला २००० साल उजाडलं. एम-२० ला मात्र त्याची फारशी गरज नव्हती, तिचं कॉम्प्रेशन जेमतेम पाचास एक.

उस्तादांनी ठिणगी मागे घेतली. आवाज तसाच. म्हणजे नॉकिंग नाही. मग रेस देऊन सोडली आणि दाब सोडणारा लिव्हर दाबला. बिग एंडवर भार येतो तो सिलिंडरमधल्या स्फोटाचा. तो भार काढला की बिग एंडची ठोक मंदावायला हवी. ठक-ठक चालूच. शिवाय, त्यांनी बोटानं टाकीवर ताल धरून दाखवलं, आवाज फेऱ्यागणिक नव्हता. मध्येच चुकत होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडाला. सिलिंडर, क्रँककेस, मॅग्नेटो... आणि डावीकडे चेनच्या झाकणावर थांबले.

तिथलं पत्र्याचं झाकण बारक्या स्क्रूंच्या रांगेनं बसवलेलं असतं. ते काढायला अर्धा तास गेला (मला एक स्क्रू अजून सापडलेला नाही). आतली चेन उतरवली आणि ठोक कुठून येत होती ते दिसलं.

क्रँकच्या टोकाला दात्यांच्या चाकाजवळ एक स्प्रिंग असते, धक्के गिळणारी. तिचा नट सैल झाला होता. एका सिलिंडरचं इंजिन हळू चालताना प्रत्येक ठिणगीला हिसका देतं, ते चाक शाफ्टवर पुढेमागे आपटत होतं. बिग एंड ठणठणीत.

मला ऋत्विक घटकांचा 'अजांत्रिक' आठवला. १९५८ चा सिनेमा. टॅक्सीवाला बिमल आणि त्याची खटारा शेवरोले, नाव 'जगद्दल'. घटकांनी गाडीच्या आवाजांतून तिला जवळजवळ बोलतं केलंय. पुढे ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायलाही होते. बिमलला लोक वेडा समजतात. उस्तादांकडे पाहिल्यावर मला तो अजिबात वेडा वाटेना. अर्थात शेवटी जगद्दल भंगारातच जाते, हेही आठवलं आणि जरा गप्पच झालो.

उस्तादांनी पैसे घेतले ते नटाचे आणि बसवण्याचे. दोन तास ऐकलं त्याचे? "सुनने का क्या पैसा?" मी आग्रह केला, त्यांनी चहा मागवला. हाताखाली कुणी शिकतंय का, विचारलं. नातू शिकत होता, म्हणाले; आता एका शोरूममध्ये आहे, तिथे संगणक लावून सगळं कळतं आणि पगार पहिल्या तारखेला होतो. तक्रारीचा सूर नव्हता.

निघताना बजावलं, दोन-तीनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. संध्याकाळी बेहाल्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा आत्या दारातच उभी होती. कोपऱ्यावरच कळलं म्हणाली, इंजिन बदललेलं नाही. गाडी नागपूरला आणायची की तिथेच ठेवायची, यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे.