अवघड पेपर की हुशार पोरं?

सीईटी झाली की ग्रुपवर एकच रड असते, "आमच्या शिफ्टचा पेपर अवघड होता यार!" पण अवघडपणा मोजायचा कसा?

जुनी पद्धत सोपी. १०० पैकी ३० जणांनाच प्रश्न सुटला, तर तो अवघड. गोची अशी, की हुशार वर्गात तोच प्रश्न सोपा ठरतो. मग आपण मोजलं काय, प्रश्न की पोरं?

डेन्मार्कच्या गेओर्ग राश या गणितज्ञानं १९६० च्या पुस्तकात तोड काढली. प्रश्नाचा अवघडपणा आणि विद्यार्थ्याची क्षमता एकाच पट्टीवर मांडायची. दोन्ही सारखे, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के. हे गणित हातानं करणं म्हणजे डोकेदुखी. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेत फ्रेडरिक लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी याच जातीच्या मॉडेलसाठी 'लॉजिस्ट' हा प्रोग्रॅम तयार केला.

आपलं पर्सेंटाइल मात्र प्रश्नांचा अवघडपणा मोजतच नाही. तुमच्याच शिफ्टमधले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्या मागे आहेत, एवढंच ते बघतं. त्यामुळे पेपर अवघड असला तर सगळ्यांनाच अवघड. तुमचं फारसं बिघडत नाही. पण शिफ्टला हुशार पोरंच जास्त आली असतील, तर? प्रत्येक शिफ्टला पोरं सारखीच असतात, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. खरी रड तिथे आहे, बरं का!