अजिंठ्याच्या प्रतिलिपी आणि गणेश हालोई यांची अमूर्त चित्रे

अजिंठ्याने बंगाली चित्रकारांना दोन काळांत दोन भिन्न गोष्टी दिल्या. लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रतिलिपीकार्यात (१९०९-११) साहाय्यक म्हणून आलेल्या नंदलाल बोस यांच्या पिढीने येथून मानवाकृती आणि तिची प्रवाही रेषा नेली. अर्धशतकानंतर त्याच कामासाठी आलेल्या गणेश हालोई यांची वाट मात्र पुढे मानवाकृतीपासून दूर गेली.

हालोई यांचा जन्म १९३६चा, ब्रह्मपुत्रेच्या परिसरातील जमालपूरचा. फाळणीमुळे १९५० मध्ये ते कोलकात्यास आले. तेथील शासकीय कला महाविद्यालयातील शिक्षण १९५६ मध्ये पूर्ण झाल्यावर पुढील वर्षी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्यांना अजिंठ्यास नेमले. काही वर्षे प्रतिलिपी करून ते कोलकात्यास परतले व त्याच महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

प्रतिलिपीकाराला आकृतीबरोबरच गिलावा निखळलेली जागाही पाहावी लागते. हालोई यांच्या कागदावरील अपारदर्शक जलरंगांतील चित्रांत ठिपके, तुटक रेषा आणि रिकामे अवकाश शेत व पाणी सुचवतात. शेत व पाणी मात्र प्रत्यक्ष दिसत नाहीत.

वासुदेव गायतोंडे आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष मानीत. हालोई यांच्याबाबत ही संज्ञा अपुरी पडते. त्यांच्या चित्रांतून वस्तू वगळलेली नाही, ती हरवलेली आहे. २०१७च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ही चित्रे जगापुढे आली. त्यांतील अमूर्तता केवळ पाश्चात्त्य आधुनिकतेच्या प्रभावातून उलगडत नाही. फाळणीच्या स्मृतिसाहित्याशेजारी ठेवूनही ती वाचावयास हवी.