सृष्टिकर्त्याची कथा आणि शूर्पारकाची शिळा

चिंचोटीच्या उपासकांना त्याच वसई तालुक्यातील सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक, परके नाही. तेथे चक्रेश्वर मंदिरापाशी ब्रह्मदेवाची मध्ययुगीन मूर्ती उभी आहे. सृष्टीची कथा ही समाजरचनेचीही कथा असते, म्हणून अशा मूर्तीकडे आम्ही इतिहासाच्या दृष्टीने पाहतो.

जपानचेच पाहा. इ. स. ७१२ च्या 'कोजिकी' ग्रंथात इझानागी व इझानामी या दांपत्याने बेटे प्रसवली. इझानागीपासून सूर्यदेवता अमातेरासू झाली व तिच्या वंशात सम्राट जन्मले. अवाजी बेटावर इझानागीचे देवस्थान आजही आहे. १८६८ साली शासनाने शिंतो व बौद्ध स्थाने विभक्त केली, तेव्हा कित्येक विहार व बुद्धमूर्ती नष्ट झाल्या. १ जानेवारी १९४६ रोजी सम्राटाने स्वतःचे देवत्व नाकारले.

आपल्याकडे मनुस्मृतीने सृष्टिकर्त्याच्या मुखातून ब्राह्मण व पायांतून शूद्र उत्पन्न केला. उलट, दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्त सांगते की, आधी उत्पन्न झालेला ब्रह्मा केवळ भ्रमाने स्वतःस कर्ता समजतो.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. १९५६ साली जवळच्या भुईगावी अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दास व सेवकांशी योग्य वर्तन, हे त्या लेखातील धम्ममंगलाचे पहिले अंग होय. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दिलेली पहिली प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची होती. सोपाऱ्यास जाणाऱ्या उपासकांनी मूर्ती पाहावी, स्तूपही पाहावा आणि माणसाचे स्थान जन्माने ठरते की आचरणाने, याचा निवाडा स्वतः करावा.