नागपुरी संत्रे

नागपुरी संत्रे : रुटेसी कुलातील सिट्रस रेटिक्युलेटा या जातीचे, सैल सालीचे व आंबटगोड रसाचे फळ. नागपूर व अमरावती हे जिल्हे त्याच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र असून काटोल, नरखेड, वरुड व मोर्शी हे तालुके विशेष प्रसिद्ध आहेत. गारव्याने फुलोऱ्यास प्रवृत्त होणारे झाड उष्ण मुलखात कसे फळास आणता येते, या दृष्टीने या पिकाचा इतिहास लक्षणीय आहे.

इतिहास : भोसल्यांच्या राजवटीत औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथून संत्र्याची रोपे नागपुरास आणली गेली, असे परंपरेने मानले जाते. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि हे नाशवंत फळ दूरच्या बाजारपेठांत धाडणे शक्य झाले. नागपूर येथे १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय, तर १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१४ मध्ये या फळास भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली.

हवामान व बहार : नागपूरचे उन्हाळी तापमान ४५° से. च्या आसपास जाते. हिवाळा सौम्य व अल्पकाळ टिकणारा असतो. केवळ थंडीने झाडाची वाढ पुरेशी थांबत नाही. म्हणून पाणी तोडून झाडास ‘ताण’ दिला जातो. ताणामुळे शाकीय वाढ थांबते, फांद्यांत अन्नसंचय होतो व पुन्हा पाणी मिळताच झाड फुलावर येते. जानेवारी–फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार व जून–जुलैमध्ये फुलणारा तो मृग बहार. आंबियाची फळे भर उन्हाळ्यात झाडावर असल्याने त्यास पाण्याची शाश्वती लागते. मृग बहारासाठी एप्रिल–मेमध्ये ताण दिला जातो. वळवाच्या पावसाने तो अवेळी मोडल्यास किंवा मोसमी पाऊस लांबल्यास बहार हातचा जातो.

जमीन व खुंट : पाण्याचा उत्तम निचरा होणारी मध्यम काळी जमीन या पिकास मानवते. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे तीत ताण अधिक काळ द्यावा लागतो आणि पावसाळ्यात मुळे कुजतात. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावरील बुटीबोरीसारख्या परिसरात, जेथे आता मोठी औद्योगिक वसाहत आहे, बाग लावू इच्छिणाऱ्याने प्रथम खड्डा खणून जमिनीची खोली, निचरा व चुनखडी पाहणे इष्ट ठरते. चुनखडी अधिक असल्यास लोहाच्या अभावी पाने पिवळी पडतात.

संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबू यांच्या खुंटावर भरतात. जंबेरीवर झाड जोमाने वाढते, परंतु डिंक्या रोगास ते लवकर बळी पडते. चुनखडीच्या जमिनीत रंगपूर लिंबू अधिक तग धरतो. डोळा जमिनीपासून सु. २५ सेंमी. उंच असावा, म्हणजे ओल्या मातीतील बुरशीचा संसर्ग कलमाच्या सांध्यास सहसा होत नाही. लागवड ६ × ६ मी. अंतरावर केल्यास हेक्टरी सु. २७७ झाडे बसतात. अमरावती जिल्ह्यातील शेंदूरजनाघाट कलमांच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. कलमाची निवड चुकल्यास तो दोष काही वर्षांनी, बाग फळावर आल्यानंतर उघड होतो. तोवर खर्च व काळ दोन्ही गेलेले असतात.

तुलना : उष्ण हवामानासाठी फळझाडाची निवड करण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेतील ब्ल्यूबेरीच्या इतिहासात दिसतो. न्यू जर्सीत फ्रेडरिक कोव्हिल व एलिझाबेथ व्हाइट यांनी हे रानफळ लागवडीखाली आणले; १९१६ मध्ये त्याचे पहिले व्यापारी पीक विकले गेले. त्या वाणांना दीर्घ थंडीची गरज होती. फ्लॉरिडा विद्यापीठातील राल्फ शार्प यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्थानिक सदाहरित जातीशी त्यांचा संकर करून अल्प थंडीत फळणारे वाण सिद्ध केले. तथापि ब्ल्यूबेरीस ४·५ ते ५·५ पीएच मूल्याची आम्ल माती लागते; विदर्भातील काळी माती सामान्यतः अल्कधर्मी असल्याने तेथे हे झुडूप कुंडीत वा वाफ्यात आम्लयुक्त माध्यम भरूनच लावणे संभवते. फ्लॉरिडात वनस्पतीच बदलण्यात आली. विदर्भात डोळा तोच ठेवून खुंट व पाण्याचे वेळापत्रक बदलण्यात आले.

सद्यःस्थिती : या पद्धतीचे यश पाण्यावर अवलंबून आहे. वरुड–मोर्शी भागात विंधन विहिरींच्या अतिउपशाने भूजल खोल गेले आहे. ताण देणे शेतकऱ्याच्या हाती असते, परंतु तो वेळेवर मोडण्यास पाणी नसल्यास बहार जातोच, शिवाय झाडही वाळते. बियांची संख्या व रस साठविल्यावर येणारा कडवटपणा या प्रक्रिया-उद्योगातील अडचणी होत. नागपूर सीडलेस हा बीविरहित वाण त्यांपैकी पहिलीवर उपाय म्हणून पुढे आला आहे. पाण्याच्या प्रश्नावर मात्र वाणाच्या निवडीइतकेच भूजलाचे पुनर्भरण व ठिबक सिंचन यांस महत्त्व आहे.